दहीपुलावर उभं राहून पूल शोधताना: नाशिकच्या जुन्या नगरपालिकेचा माग

नववीच्या मुलांना मी एकदा घरातला सगळ्यात जुना छापील कागद आणायला सांगितला होता. लग्नपत्रिका आल्या, रेशनकार्डं आली, एकाने चक्क आजोबांची रद्द झालेली लॉटरी आणली. एका मुलीने पणजोबांच्या नावची घरपट्टीची पावती आणली होती. घडीवर विरलेली, शाई तपकिरी पडलेली. वर ठळक अक्षरात छापलं होतं, ‘नाशिक नगरपालिका’. तिने ती माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "बाई, यात ‘महा’ छापायचं राहिलंय का?"

वर्ग हसला. पण ‘नगरपालिका मग गेली कुठे?’ या पुढच्या प्रश्नाला माझ्याकडेही पुस्तकी उत्तरच होतं. १८६४ साली स्थापना, ७ नोव्हेंबर १९८२ रोजी महानगरपालिका. मधली ११८ वर्षं दोन तारखांच्या मध्ये गडप. महापालिका झाली ती एकट्या नाशिकची नव्हे, नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर अशा तीन नगरपालिका आणि आजूबाजूची वीसेक गावं एकत्र करून, हे तर निम्म्या शिक्षकखोलीलाही माहीत नव्हतं. मी भूगोल शिकवते, त्यामुळे हद्द बदलली की माझे कान टवकारतात. त्या पावतीवरून आम्ही जो उद्योग केला त्याची ही हकिकत. काय ठरवलं होतं, काय फसलं आणि फसल्यावर काय हाती लागलं, हे जमेल तसं मांडते.

वारसा फेरी का नको

सोपा मार्ग होता. रविवारी मुलांना घेऊन जुन्या नाशकात फिरायचं, मी बोलायचं, त्यांनी ऐकायचं. अशा फेऱ्या मी पूर्वी काढल्या आहेत. पहिल्या वाड्याशी मुलं ऐकतात, दुसऱ्याशी फोटो काढतात, तिसऱ्याशी मिसळ कुठे खायची यावर चर्चा सुरू होते. त्यांचा दोष नाही. पाहायचं काय ते आधीच सांगून टाकल्यावर डोळ्यांना काम उरत नाही.

आमच्या एका पालकाला जिओकॅशिंगचं वेड आहे. त्यांनी तो खेळ सुचवला. या खेळाची जन्मकथा भूगोलाच्या तासाला सांगण्याजोगी आहे. अमेरिकेच्या उपग्रहांवरून सामान्य लोकांना मिळणारा जीपीएसचा संकेत सरकार मुद्दाम बिघडवून सोडत असे, त्यामुळे शंभरेक मीटरची चूक सहज व्हायची. मे २००० च्या सुरुवातीला हा बिघाड बंद केला गेला. लगेच, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ रानात एक काळी बादली ठेवली, आत काही वस्तू आणि एक वही टाकली, आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. शोधा, वहीत नोंद करा, काही घेतलं तर काही ठेवा. एवढाच खेळ. आज तो जगभर चालतो. शोधायच्या डब्याला ‘कॅश’ म्हणतात. कधी तो डबा कॅमेऱ्याच्या रिळाच्या डबीएवढा असतो, कधी डबाच नसतो आणि जागेवरची एखादी गोष्ट पाहून उत्तर द्यायचं असतं.

आम्ही खेळ कुठल्या संकेतस्थळावर नोंदवला नाही. शाळेपुरताच ठेवला, नियम मात्र उसने घेतले. जमीन खणायची नाही. जागामालकाची परवानगी हवी. दोन डब्यांत किमान १६१ मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग, अंतर हवं. या शेवटच्या नियमाने सुरुवातीलाच दमवलं. जुनं नाशिक इतकं दाटीवाटीचं आहे की सराफ बाजार, दहीपूल, भांडीबाजार या तीन ठिकाणी डबे ठेवायचे तर नियम कुठे तरी मोडतोच. म्हणून बहुतेक टप्पे उत्तराचे ठेवले आणि डबे दोनच.

पहिली फेरी, डिसेंबर: दोन चुका

पहिला डबा गंगेवर ठेवायचा ठरला. (बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो आणि घाटावर जाण्याला ‘गंगेवर जाणं’.) रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती आहे, त्याच्या आसपास कुठे तरी. जागा मुद्दाम निवडली होती. पूर आला की नाशिककर क्युसेकचा आकडा नंतर विचारतो, आधी विचारतो, "पाणी दुतोंड्याच्या कुठवर आलं?" गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. कुठल्याही कचेरीने न बसवलेली ही पूरमापाची पट्टी आजतागायत चालू आहे आणि घाटावरच्या दुकानदारांचा तिच्यावर सरकारी इशाऱ्यापेक्षा जास्त भरवसा आहे.

टप्प्याची कल्पना चांगली होती, डब्याची नव्हती. झाकणाचा प्लास्टिकचा डबा दगडाच्या कोनाड्यात ठेवून मी वळले तोच फुलं विकणाऱ्या मावशींनी हटकलं. "काय ठेवलं तिथं?" मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, तुमचं खरं असंल. पण इथं रोज भोंग्यावर सांगत्यात, बेवारस वस्तू दिसली तर कळवा. मी कळवणार." त्यांचं बरोबर होतं. ओरेगनच्या रानातली बादली आणि रामकुंडाच्या गर्दीतला डबा यांत फरक आहे, आणि सिंहस्थ भरणाऱ्या गावात तर तो फरक आधीच कळायला हवा होता. डबा मी पिशवीत टाकला.

दुसरी चूक वेळेची. रहदारी नको म्हणून मुलांना सकाळी सातला बोलावलं होतं. मेनरोड मोकळा, रविवार कारंजा मोकळा, हवा छान. आणि सगळी शटरं खाली. मुलांनी फोनवरचा बाण पाहिला, ठिपक्यावर पोचली, उत्तरं लिहिली, पावणेनऊला परत आली. गडबड नाही, गोंधळ नाही, कुणी हरवलं नाही. आणि कुणी कुणाशी एक शब्द बोललंही नाही. कागदावर ही फेरी यशस्वी होती. मी घरी येऊन उत्तरपत्रिका वाचल्या तर त्यांत माझ्याच प्रश्नांची सावली होती, नाशिक कुठेच नव्हतं.

दुसरी फेरी: डबा माणसाकडे

जानेवारीत पुन्हा जुळवाजुळव केली. वेळ साडेदहाची. सहा गट, प्रत्येक गटाबरोबर एक पालक. डबे उघड्यावर ठेवायचेच नाहीत. भांडीबाजारातल्या एका पितळी भांड्यांच्या दुकानदारांना विनंती केली. त्यांनी वही असलेला डबा गल्ल्याशेजारी ठेवून घेतला, अट घातली की पोरांनी गिऱ्हाईक असताना मध्ये मध्ये करायचं नाही. डबा मिळवायचा तर त्यांच्यासमोर एक परवलीचा शब्द बोलायचा आणि तो शब्द आधीच्या टप्प्यांतून जुळवायचा. दुसरा डबा नाशिकरोडला, अशाच एका ओळखीच्या दुकानात.

खेळात ज्यांना खेळ माहीत नाही अशा लोकांपासून लपून राहायचं असतं. आमच्या मुलांनी त्यांना ‘तिऱ्हाईत’ असं नाव दिलं. आम्ही हा नियम उलटा केला. तिऱ्हाइताशी बोलल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये, असे प्रश्न काढले.

पहिला टप्पा सोपा होता. नगरपालिकेच्याही आधी नाशकात कुठली सार्वजनिक संस्था उभी राहिली? सावाना. सार्वजनिक वाचनालय, १८४०. गावाने वाचनालय आधी काढलं आणि नगरपालिका चोवीस वर्षांनी. हे वजाबाकीचं उत्तर मुलांना फार आवडलं, मलाही. विजयानंद थिएटरचा टप्पा त्यांनी धावतच उरकला, कारण २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर तिथे गोळ्या झाडल्या हे नाशकातल्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही.

मग दहीपूल.

इथे मी स्वतः एका गटाच्या मागे उभी होते. फोनवरचा ठिपका सराफ बाजारातून भांडीबाजारात आणि तिथून परत उड्या मारत होता. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना उंच भिंती. उपग्रहाचा संकेत थेट न येता भिंतींवर आपटून येतो आणि मोकळ्या मैदानात चार-पाच मीटरवर येणारी चूक इथे वीस-तीस मीटरवर जाते. हे मी वर्गात फळ्यावर काढलं होतं, पण फळ्यावरचा ठिपका उडत नाही. प्रश्न होता, ‘पुलाखालून काय वाहतं?’ मुलं गोल फिरून फिरून पूल शोधत होती. एक जण गंगेच्या दिशेने धावत जाऊन परत आला. शेवटी एकीने कापडाच्या दुकानातल्या आजोबांना विचारलं, "काका, दहीपूल कुठे आहे?"

आजोबांनी मापाची पट्टी खाली ठेवली. "तू उभी आहेस तोच."

मुलीने पायाखाली पाहिलं. रस्ता, गटाराचं झाकण, केळ्याची साल. आजोबा पायरीपर्यंत आले. खाली सरस्वती नाला आहे, म्हणाले, झाकलेला, तो जाऊन गंगेला मिळतो. "मोठा पाऊस झाला की तो सांगतो मी इथंच आहे म्हणून. पाणी दुकानात येतं. खालचे गठ्ठे आम्ही जून लागला की वर घेतो." मग त्यांनी भिंतीवर बोटाने एक रेघ दाखवली, पाण्याच्या जुन्या डागाची. मुलीने ती वहीत काढून घेतली, जमिनीपासून किती वितींवर ते मोजून. तिच्या गटाला गुण मिळाले एका शब्दाचे, ‘सरस्वती’. पण वहीत अर्धं पान त्या डागाचं होतं.

नगरपालिकेचा वारसा म्हटलं की आपण इमारत शोधतो, नगराध्यक्षांच्या तसबिरी शोधतो. मला विचाराल तर नगरपालिकेचं खरं काम न दिसणारंच असतं. नाला झाकणं, पाणी आणणं, मैला नेणं. ते नीट झालं तर कुणाला आठवत नाही आणि बिघडलं तर पावसाळ्यात दुकानात शिरतं. दहीपुलाने हे एका वाक्यात शिकवलं. मी तो टप्पा केवळ नावाच्या गमतीसाठी घातला होता.

अडीच फूट

मेनरोडवर जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपाशी मोजमापाचा टप्पा होता. १८८९ साली इथून नाशिकरोड स्टेशनपर्यंत ट्राम सुरू झाली, आठ-दहा किलोमीटरची, सुरुवातीला घोड्यांनी ओढली जाणारी. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. तिचा सल्लागार अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. पुढे बार्शी लाइट रेल्वे उभारली तीही याच माणसाने. दोन्हीकडे रुळांमधलं अंतर अडीच फूट. पंढरपूरला बार्शीलाइटने गेलेली पिढी अजून आहे, पण तिची थोरली बहीण मेनरोडवर होती हे नाशकातही ठाऊक नसतं.

काम असं दिलं होतं की, दोरीला अडीच फुटांवर गाठी मारा, रस्त्याच्या कडेला धरा आणि या अंतराच्या रुळांवरून किती रुंदीचा डबा गेला असेल याचा अंदाज करा. दोन मुलं दोरी धरून वाकली, तिसऱ्याने खडूने रेघा मारल्या. मागून रिक्षावाल्याने हॉर्न दिला. "ए, रांगोळी काढता का रस्त्यात?" पोरगा म्हणाला, "काका, ट्राम काढतोय." रिक्षावाले थांबले, दोरीकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या रिक्षाची चाकं याच्याहून रुंद बसतात." मुलांनी तिथल्या तिथे रिक्षाची मागची चाकं मोजली. त्यांचं खरं होतं.

आकड्यांचा घोटाळा

शेवटचा ठिकाणा जुळवायला सगळ्या सालांतले ठरावीक आकडे एका चौकटीत भरायचे होते. इथे एक गट पार वाहवला. नाशकाच्या भूगोलात एक मौज आहे. उत्तर अक्षांशाचं विसावं वृत्त थेट शहरावरून जातं. नाशिकरोड स्टेशन त्याच्या दक्षिणेला, रामकुंड उत्तरेला. म्हणजे जुन्या नाशकातला कुठलाही अक्षांश ‘२० अंश ०० मिनिटं आणि काही’ असा येतो.

जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं लिहायची पद्धत आहे. समजा उत्तर २० अंश ००.२५० मिनिटं, पूर्व ७३ अंश ४७.४०० मिनिटं असं आलं. अंशाच्या दशांशात ते २०.००४१७ आणि ७३.७९००० होतं, कारण मिनिटांना साठाने भागायचं. त्या गटाने भागलं नाही. सरळ २०.००२५० आणि ७३.४७४०० टाकलं. अक्षांशातली चूक १८५ मीटरची, म्हणजे फार तर दोन गल्ल्यांची, ती कुणाच्या लक्षात आली नसती. रेखांशातली मात्र सुमारे ३३ किलोमीटरची. नकाशावरची खूण त्र्यंबकेश्वराच्याही पलीकडे डोंगरात जाऊन बसली. त्या गटाबरोबरच्या पालकांचा मला फोन आला, "बाई, त्र्यंबकला जायचं आहे का? गाडी काढू?" ते गंभीरपणे विचारत होते. मी चूक सांगितली नाही, एवढंच विचारलं की नाशिक नगरपालिकेची हद्द कधी त्र्यंबकच्या पुढे होती का? दहा मिनिटांनी त्यांना साठ आठवले.

पुढच्या वेळी मी चौकटीखाली ‘साठाने भागा’ असं लिहायचं का, यावर आमच्यात वाद आहे. माझं मत, लिहू नये.

नाशिकरोड आणि सातपूर

दोन गट सिटीलिंकच्या बसने नाशिकरोडला गेले. तिथली माणसं अजूनही "नाशिकला जाऊन येतो" म्हणतात. एका महापालिकेत राहून चार दशकं झाली तरी जिभेवरची हद्द हललेली नाही. रेल्वे आली, मग इंडिया सिक्युरिटी प्रेस आलं, १९२८ पासून करन्सी नोट प्रेसमध्ये नोटा छापल्या जाऊ लागल्या. कामगारांच्या वस्त्या झाल्या. स्वतंत्र नगरपालिका लागावी इतकं ते गाव आपल्या पायावर मोठं झालं होतं. तिथला दुवा आम्ही तिकिटाच्या रूपात दिला होता. एका पालकाच्या संग्रहातलं, २१ नोव्हेंबर १९४७ चं साडेतीन आण्यांचं, तिरंगा आणि ‘जय हिंद’ असलेलं, स्वतंत्र भारताचं पहिलं टपाल तिकीट. त्याचा रंगीत छापा मुलांच्या हातात आणि प्रश्न, ‘हे कुठे छापलं?’ उत्तर त्यांच्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर होतं. प्रेसच्या भिंतीजवळ मात्र आम्ही एकही टप्पा ठेवला नाही. सुरक्षेच्या जागी पोरांनी फोन उगारून घुटमळणं शहाणपणाचं नाही. बिटको चौक आणि मुक्तिधाम एवढ्यावर भागवलं.

‘नाशिकरोड-देवळाली’ या नावाने एक गट फसला. ते थेट देवळाली कॅम्पला निघाले होते. कॅम्पला वेगळी छावणी परिषद (कॅन्टोन्मेंट बोर्ड), ती या विलीनीकरणात आलीच नाही. नगरपालिकेच्या नावातली देवळाली म्हणजे नाशिकरोडला लागून असलेलं देवळाली गाव.

सातपूरच्या गटाने रिकामा कागद आणला. औद्योगिक वसाहतीने वाढलेलं गाव, त्रिंबक रोडवर जिकडेतिकडे कारखान्यांच्या पाट्या, आणि जुन्या नगरपालिकेची एकही खूण त्यांना सापडली नाही. गटातली मुलगी रडकुंडीला आली होती. मी त्यांना पूर्ण गुण दिले. शोधून न सापडणं हीही नोंद आहे. पण खरं सांगायचं तर टप्पा मी नीट आखला नव्हता. सातपूरला आधी स्वतः जाऊन बसायला हवं होतं, ते मी नकाशावर उरकलं.

वही

पितळी भांड्यांच्या दुकानातली वही आम्ही त्या संध्याकाळी आणली नाही. दुकानदारांनीच ठेवून घेतली. फेरीनंतरच्या आठवड्यात एका मुलाचे आजोबा तिथे जाऊन नोंद करून आले. त्यांनी लिहिलं होतं की आपण नगरपालिकेला मत दिलं, मग महापालिका झाली आणि पुढची दहा वर्षं मत द्यायला बोलावलंच नाही. ते खरं आहे. १९८२ ला महापालिका झाली, पहिली निवडणूक १९९२ ला. तोवर प्रशासक. शहर मोठं झालं आणि त्याच क्षणी शहराचा आवाज दहा वर्षं बंद झाला, हे मी इतकी वर्षं शिकवताना कधी एका ओळीत मांडलं नव्हतं.

घरपट्टीची पावती मुलीने परत घरी नेली. तिच्या आईने ती काचेत बसवून घेतली आहे.

परवा दुकानदारांचा फोन आला. "बाई, वही भरली, नवी पाठवा." मी म्हटलं, अहो, मुलं तर पुन्हा आलीच नाहीत. ते म्हणाले, गिऱ्हाइकं लिहितात. मी जाऊन वही घेतली. कुणी तांब्याचा भाव लिहिला आहे, कुणी लहानपणचा नळाचा किस्सा, एकाने दीड पान भरून पाणीपट्टीची तक्रार लिहिली आहे आणि खाली ठसठशीत सही करून कंसात आपला वॉर्ड नंबर टाकला आहे.